विश्लेषण : फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्याला औषध द्यावे का? शंभर वर्षांपूर्वी पावलॉव्ह यांना काय आढळले?

दिवाळी जवळ आली की पशुवैद्यांच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. फटाक्यांच्या आवाजाने कुत्रा पलंगाखाली शिरतो, थरथरतो, लाळ गाळतो, दार ओरबाडतो, दोन-दोन दिवस जेवत नाही. त्याला औषध द्यायचे का? पाठोपाठ घरातल्या कोणाची तरी शंका येते, की भित्र्या कुत्र्याला गोळ्या देणे म्हणजे त्याला गुंगीत टाकणेच नव्हे का? या दोन्ही प्रश्नांवर प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे काम करणारा एक माणूस आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. शाळेच्या पुस्तकात घंटा, कुत्रा आणि लाळ या चित्राने भेटलेले रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह. त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध घाबरलेल्या, बिथरलेल्या कुत्र्यांना बरे करण्याच्या प्रयत्नांत गेला. यातले अनेक कुत्रे त्यांच्याच प्रयोगांमुळे आजारी पडले होते, हेही तितकेच खरे.

पावलॉव्ह कोण होते?

इव्हान पेत्रोविच पावलॉव्ह यांचा जन्म २६ सप्टेंबर १८४९ रोजी मॉस्कोच्या आग्नेयेला असलेल्या रियाझान या शहरात झाला. वडील प्योत्र हे चर्चमध्ये धर्मगुरू होते. भावंडांत थोरले असलेले इव्हान लहानपणी उंचावरून पडले. त्यानंतर बराच काळ त्यांची प्रकृती नाजूक राहिली आणि शाळेत जायला अकरावे वर्ष उजाडले. वडिलांच्या वाटेने त्यांनीही धर्मगुरू व्हावे, असे घरात गृहीत होते. त्यासाठी ते धार्मिक विद्यालयात शिकूही लागले.

पण १८६० चे दशक रशियातल्या तरुणांसाठी विज्ञानाने भारलेले होते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान सेचेनोव्ह यांचे मेंदूतील प्रतिक्षिप्त क्रियांवरचे पुस्तक पावलॉव्ह यांच्या वाचनात आले. मनाचे व्यापारसुद्धा शरीराच्या यंत्रणेतून समजून घेता येतील, हा त्यातला विचार त्यांच्या डोक्यात पक्का बसला. १८७० मध्ये धर्मशिक्षण सोडून ते सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात निसर्गविज्ञान शिकायला गेले. स्वादुपिंडाच्या मज्जातंतूंवर विद्यार्थी असतानाच केलेल्या कामाला सुवर्णपदक मिळाले. पुढे त्यांनी वैद्यकीय पदवीही घेतली. मात्र दवाखाना थाटण्यापेक्षा संशोधनच करायचे, हे ठरलेले होते.

१८८१ मध्ये सेराफिमा कार्चेव्हस्काया यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सुरुवातीचा संसार अतिशय ओढगस्तीचा होता. त्यांची अडचण पाहून ओळखीच्यांनी व्याख्यानांचे मानधन म्हणून पैसे जमवून दिले, तर पावलॉव्ह यांनी ते प्रयोगासाठी प्राणी आणण्यात खर्च करून टाकले, असा किस्सा सांगितला जातो. त्यांचे पहिले मूलही लहानपणीच दगावले. चाळिशी ओलांडेपर्यंत स्थिर नोकरी नव्हती. १८९० मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत त्यांची नेमणूक झाली, ती औषधशास्त्राचे प्राध्यापक म्हणून. शरीरक्रियाशास्त्राचे अध्यासन त्यांना १८९५ मध्ये मिळाले. कुत्र्यांवरील औषधोपचाराच्या संदर्भात हा तपशील महत्त्वाचा आहे. औषध शरीरात काय करते आणि किती मात्रेत करते, याचा विचार पावलॉव्ह यांच्या कामात पहिल्यापासून होता.

प्रयोगशाळेत कुत्रे कशासाठी होते?

१८९१ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत पावलॉव्ह यांच्याकडे शरीरक्रियाशास्त्र विभाग आला. आल्फ्रेड नोबेल यांनी १८९३ मध्ये संस्थेला दिलेल्या देणगीतून तिथली प्रयोगशाळा वाढली. त्या काळी प्राण्यावर एकदाच शस्त्रक्रिया करायची, निरीक्षण नोंदवायचे आणि तो प्राणी मरायचा, अशी पद्धत सर्रास होती. पावलॉव्ह यांना ती पटत नव्हती. भूल दिलेल्या, रक्तबंबाळ प्राण्याचे पोट नेहमीसारखे काम करीलच कसे, हा त्यांचा मुद्दा होता. म्हणून त्यांनी माणसांच्या शस्त्रक्रियेइतकी स्वच्छता पाळून कुत्र्यांच्या पोटाला किंवा लाळग्रंथीला बाहेरून छोटी वाट करून दिली. जखम भरल्यावर कुत्रा हिंडू-फिरू लागे, जेवू लागे आणि त्याच्या शरीरातले रस थेंबाथेंबाने मोजता येत. असे कुत्रे अनेक वर्षे जगत. त्यांना नावे होती, सवयी होत्या, स्वभाव होते.

कुत्र्यांचा जठररस गाळून अपचनावरचे औषध म्हणून विकला जाई आणि त्यातून प्रयोगशाळेला पैसाही मिळे. पचनसंस्थेवरील याच कामासाठी १९०४ मध्ये पावलॉव्ह यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले रशियन शास्त्रज्ञ ठरले.

लाळेच्या थेंबांतून मनाकडे कसे वळले?

पचनाचा अभ्यास करताना एक अडथळा सारखा येत होता. अन्न तोंडात पडण्याआधीच, नुसता वाढणारा माणूस दिसला किंवा त्याच्या पावलांचा आवाज आला, तरी कुत्र्याला लाळ सुटे. पावलॉव्ह यांनी या अडथळ्यालाच अभ्यासाचा विषय केले. अन्न देण्याआधी दरवेळी ठरावीक खूण केली, तर काही दिवसांत ती खूणच पुरेशी होते. याला अभिसंधित प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. लोकांच्या लक्षात घंटा राहिली असली, तरी प्रयोगशाळेत मेट्रोनोमचे ठोके, दिव्याचा प्रकाश, त्वचेला हलका स्पर्श, गुणगुणणारे यंत्र अशा कितीतरी खुणा वापरल्या जात. बाहेरचा आवाज मध्ये येऊ नये म्हणून मॉस्कोतील एका संस्थेच्या देणगीतून जाड भिंतींची खास इमारत उभारली गेली. तिला शांततेचा मनोरा म्हणत.

यातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. मेंदू एखाद्या खुणेला प्रतिसाद द्यायला शिकतो, तसाच प्रतिसाद रोखून धरायलाही शिकतो. हा खवळणे आणि आवरणे यांचा तोल आहे, असे पावलॉव्ह मानू लागले. हा तोल ढळला तर काय होते, हे त्यांना पुढे जवळजवळ अपघातानेच कळले.

कुत्रा बिथरला कसा?

येरोफेयेव्हा या सहकारी संशोधिकेने विजेचा सौम्य धक्का हीच अन्नाची खूण ठरवली. धक्का हळूहळू वाढवत नेला, तरी कुत्रा शेपूट हलवून अन्नाची वाट पाही. पण धक्का देण्याची जागा एकामागून एक बदलत गेल्यावर एके दिवशी सारे कोसळले. कुत्रा धक्क्याला नुसता विरोधच करू लागला आणि शिकलेले सर्व विसरला.

दुसरा प्रयोग शेंगर-क्रेस्तोव्हनिकोव्हा यांचा, १९१४ च्या सुमाराचा. पडद्यावर प्रकाशाचे वर्तुळ दिसले की अन्न मिळायचे, लंबवर्तुळ दिसले की नाही. कुत्रा हा फरक सहज शिकला. मग लंबवर्तुळ हळूहळू वर्तुळासारखे करत नेले. दोन अक्षांचे प्रमाण ९:८ इतके जवळ आल्यावर कुत्र्याला फरक नीट ओळखता येईना. सुमारे तीन आठवडे हे चालले आणि मग त्याचे वागणे पार बदलले. शांत उभा राहणारा तो कुत्रा कण्हू लागला, धडपडू लागला, अंगावरची उपकरणे तोडू लागला, नळ्या चावू लागला. प्रयोगाच्या खोलीत नेताना भुंकू लागला. पूर्वी सहज ओळखता येणारे आकारही आता त्याला ओळखता येत नव्हते.

या कुत्र्याला कोणी मारले नव्हते, उपाशी ठेवले नव्हते. त्याच्या मज्जासंस्थेवर तिला न पेलणारा ताण आला होता, एवढेच. पावलॉव्ह यांनी या अवस्थेला प्रायोगिक मज्जाविकृती म्हटले. हट्टीपणा, खोड्या, भित्रेपणा अशा शब्दांत बोलले जाणारे वागणे हा आजार असू शकतो, असे म्हणायला आता त्यांच्याकडे पुरावा होता.

क्रांतीच्या काळात काय झाले?

१९१७ च्या क्रांतीनंतर यादवी, थंडी आणि उपासमारीने पेट्रोग्राड शहर पोखरले. शास्त्रज्ञच उपाशी, तिथे कुत्र्यांना कोण घालणार? प्रयोगशाळेतले कुत्रे भुकेने मरू लागले. काम जवळपास थांबले. नव्या राजवटीवर उघड टीका करणाऱ्या पावलॉव्ह यांनी १९२० मध्ये देश सोडण्याची परवानगी मागितली. त्यांना गमावणे सरकारला परवडणारे नव्हते. २४ जानेवारी १९२१ रोजी लेनिन यांच्या सहीने खास आदेश निघाला आणि पावलॉव्ह यांच्या संशोधनाला हवे ते पुरवण्यासाठी समिती नेमली गेली. तिच्या प्रमुखपदी लेखक मॅक्सिम गॉर्की होते. पावलॉव्ह थांबले; टीका करणे मात्र त्यांनी सोडले नाही. प्रयोगशाळेत पुन्हा कुत्रे आले.

१९२४ च्या पुरात कुत्र्यांचे काय झाले?

पेट्रोग्राडचे नाव लेनिनग्राड झाले त्याच वर्षी, २३ सप्टेंबर १९२४ रोजी, नेव्हा नदीला मोठा पूर आला. संस्थेच्या आवारातल्या कुत्र्यांच्या घरांत पाणी शिरले. पिंजऱ्यांची दारे खालच्या बाजूला होती आणि पाणी वर चढत होते. कुत्रे छताला नाक लावून पोहत होते. त्यांना बाहेर काढायला कर्मचाऱ्यांना आधी पाण्याखाली ओढून दारातून काढावे लागले आणि मग मुख्य इमारतीपर्यंत पोहत न्यावे लागले. कुत्रे वाचले. एरवी एकमेकांवर गुरगुरणारे कुत्रे त्या दिवशी एका जागी गपचूप गोळा होऊन बसले होते.

पाणी ओसरल्यावर प्रयोग पुन्हा सुरू झाले, तेव्हा काही कुत्रे पूर्वीचे राहिले नव्हते. स्पेरान्स्की आणि रिकमान या सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास केला. एका कुत्र्याच्या शिकलेल्या सर्व प्रतिक्रिया नाहीशा झाल्या होत्या. प्रयोगाच्या खोलीत तो अन्नालाही तोंड लावेना. पूर्वी जी जोरदार घंटा त्याच्यासाठी अन्नाची पक्की खूण होती, तीच वाजली की तो कोलमडू लागला.

मग स्पेरान्स्की यांना एक गोष्ट दिसली. एरवी कुत्रा खोलीत एकटा असे आणि संशोधक बाहेर. संशोधक आत जाऊन त्याच्याजवळ बसला, की हरवलेल्या प्रतिक्रिया परत येत. त्याचे कपडे खोलीत कुत्र्याला दिसणार नाहीत असे ठेवले, तरी त्या वासानेही फरक पडे. हळूहळू, काही आठवड्यांत, तो कुत्रा सावरला. तेव्हा परीक्षा म्हणून खोलीच्या दाराखालून थोडेसे पाणी आत सोडले गेले. जमिनीवर पाण्याचा ओघळ दिसताच कुत्रा उठला, अस्वस्थ झाला, मचाणावरून उतरण्याची धडपड करू लागला. शिकलेले सारे पुन्हा पुसले गेले.

फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्याच्या घरात हे वर्णन ओळखीचे वाटेल. एका वर्षीची भीती वर्षभर दिसत नाही आणि पुढच्या वर्षी पहिल्या लवंगी माळेच्या आवाजासरशी पूर्ण जोराने परत येते.

औषध कोणते दिले? त्याने काय झाले?

आजार मज्जासंस्थेचा असेल, तर उपचारही तिच्यावरच व्हायला हवा, हा पावलॉव्ह यांचा पुढचा विचार होता. त्या काळी माणसांच्या अपस्मारावर आणि अस्वस्थतेवर ब्रोमाइडचे क्षार सर्रास दिले जात. खवळलेल्या मेंदूला ते बधिर करतात, अशी समजूत होती. पावलॉव्ह यांना कुत्र्यांवरील प्रयोगांत वेगळेच दिसले. ब्रोमाइड दिलेल्या कुत्र्याच्या शिकलेल्या प्रतिक्रिया मंदावत नव्हत्या. उलट जिथे प्रतिसाद द्यायचा तिथे तो देत होता आणि जिथे थांबायचे तिथे नीट थांबत होता. म्हणजे औषधामुळे मेंदूची आवरण्याची ताकद वाढत होती. लगाम पुन्हा हाती येत होता.

या कामाचा मोठा भाग मारिया पेत्रोव्हा या डॉक्टर सहकाऱ्याने केला. त्यांनी वेगवेगळ्या स्वभावांच्या कुत्र्यांवर जाणूनबुजून ताण आणला, त्यांना आजारी पाडले आणि मग उपचार केले. एक चटकन खवळणारा कुत्रा आजारी पडल्यावर कुठेच थांबू शकत नव्हता; प्रत्येक खुणेला लाळ गाळत होता. काही दिवस ब्रोमाइड दिल्यावर तो ताळ्यावर आला आणि औषध थांबवल्यावरही तसाच राहिला.

पुढच्या काळात पेत्रोव्हा यांच्याकडच्या एका कुत्र्यात खोलीची भीती दिसली. जिन्याच्या कडेला अन्न ठेवले, तर पूर्वी तो धावत जाऊन खाई. आता तो कडेपासून लांब पळे. भूक असली तरी पुढे येत नसे. माणसांतल्या भयगंडासारखीच ही अवस्था आहे, असे पावलॉव्ह यांनी नोंदवले. मज्जासंस्थेवर उपचार झाल्यावर ती भीती गेली. पुन्हा ताण आल्यावर ती परतही आली. त्यामुळे हा स्वभाव नसून आजार आहे, याबद्दल त्यांना शंका उरली नाही.

एकाला लागू पडलेली मात्रा दुसऱ्याला का चालली नाही?

सुरुवातीच्या प्रयोगांत एक कोडे होते. खवळणाऱ्या कुत्र्याला ब्रोमाइडने गुण येई. पण घाबरून मिटून जाणाऱ्या, कोपऱ्यात बसणाऱ्या कुत्र्याला येत नसे. हे औषध त्या प्रकारच्या कुत्र्यांसाठी नाहीच, असे आधी वाटले. पुढे चूक लक्षात आली. मात्रा जास्त होत होती. नाजूक मज्जासंस्थेच्या कुत्र्याला ती अनेक पटींनी कमी करून दिल्यावर त्यालाही गुण आला. जास्त दिली, तर बिघाड वाढला.

यासाठी पावलॉव्ह यांनी कुत्र्यांच्या मज्जासंस्थेचे प्रकार पाडले. खवळणारा आणि आवरता न येणारा, चपळ पण समतोल, शांत आणि समतोल, आणि दुर्बल. प्राचीन ग्रीक वैद्यकातल्या चार स्वभावांची नावेच त्यांनी या प्रकारांना दिली. एकाच घटनेने एक कुत्रा बिथरतो आणि दुसऱ्याला काहीच होत नाही, याचे कारण ते या प्रकारांत शोधत. पुरातून वाचलेल्या सगळ्या कुत्र्यांना आजार जडला नव्हता, हे त्यांनी पाहिले होते. काही कुत्र्यांना ब्रोमाइड आणि कॅफिन यांचे मोजून केलेले मिश्रण देण्यात आले. औषधाबरोबर विश्रांती आणि सोप्या कामापासून पुन्हा सुरुवात यांवरही भर होता. कुत्र्याच्या प्रकारानुसार मात्रा ठरवण्याची ही पद्धत त्या काळाच्या मानाने फार पुढची होती.

अखेरची वर्षे कशी गेली?

वयाच्या सत्तरीनंतर पावलॉव्ह यांनी मनोरुग्णालयांत नियमित जायला सुरुवात केली. कुत्र्यांत दिसलेले माणसांत कितपत लागू पडते, हे त्यांना पाहायचे होते. लेनिनग्राडजवळ कोल्तुशी येथे सरकारने त्यांच्यासाठी मोठे संशोधन केंद्र उभारले. ऑगस्ट १९३५ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञांची जागतिक परिषद रशियात भरली, तेव्हा ८५ वर्षांचे पावलॉव्ह तिचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी त्यांचा मुलगा व्सेव्होलोद कर्करोगाने गेला. २७ फेब्रुवारी १९३६ रोजी न्यूमोनियाने पावलॉव्ह यांचे निधन झाले.

१९३५ मध्येच प्रायोगिक वैद्यक संस्थेच्या बागेत त्यांच्या इच्छेने एक स्मारक उभे राहिले. ते कोणा शास्त्रज्ञाचे नाही. उंच चौथऱ्यावर बसलेल्या कुत्र्याचा तो पुतळा आहे. विज्ञानासाठी कुत्र्यांनी काय सोसले, याची ती कबुली होती. तरीही प्रश्न उरतोच. भीतीवर उपाय शोधण्यासाठी आधी भीती निर्माण करणे योग्य होते का? यातले बरेचसे प्रयोग आजच्या प्राणीकल्याणाच्या नियमांत बसणार नाहीत. मिळालेले ज्ञान मात्र आपल्या हाती आहे. ते आता कुत्र्यांच्या उपयोगी आणणे, एवढे तरी करता येते.

आज कुत्र्यांच्या भीतीवर कोणती औषधे आहेत?

भीतीवर ब्रोमाइड आता वापरत नाहीत. ते शरीरात साठत जाते आणि बाहेर पडायला आठवडे लागतात. कुत्र्यांच्या अपस्मारावर मात्र पोटॅशियम ब्रोमाइड अजूनही दिले जाते.

भीतीवरच्या आजच्या औषधांचे ढोबळ दोन गट आहेत. पहिला गट रोज द्यायच्या औषधांचा. अमेरिकेच्या औषध नियामकाने कुत्र्यांना एकटे राहताना होणाऱ्या त्रासासाठी १९९८ मध्ये क्लोमिप्रामिनला आणि २००७ मध्ये फ्लुओक्सेटिनला मान्यता दिली. ही औषधे मेंदूतील सेरोटोनिनच्या कामावर परिणाम करतात आणि पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात. दुसरा गट प्रसंगापुरत्या औषधांचा. आवाजाच्या भीतीसाठी डेक्समेडेटोमिडिनचे हिरड्यांना लावायचे जेल अमेरिकेत २०१५ मध्ये मान्य झाले. युरोपात इमेपिटॉइन या गोळीला २०१८ मध्ये याच कारणासाठी मान्यता मिळाली. याशिवाय ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन, अल्प्राझोलाम ही मूळची माणसांची औषधेही पशुवैद्य आपल्या जबाबदारीवर, कुत्रा पाहून देतात.

गुंगीच्या शंकेचे उत्तरही इथेच आहे. अ‍ॅसेप्रोमाझिन हे जुने औषध पूर्वी फटाक्यांच्या दिवसांत सर्रास दिले जाई. त्याने कुत्रा निपचित पडतो. पण आतली भीती कमी होत नाही. हलता येत नाही आणि आवाज तर ऐकू येतोच, अशी त्याची कोंडी होते. म्हणून केवळ भीतीसाठी एकटे हे औषध देऊ नये, असे आज मानले जाते. योग्य औषध आणि योग्य मात्रा मिळालेला कुत्रा जागा असतो, खातो, हाक मारली तर येतो. नुसता झोपून राहत असेल, तर मात्रा किंवा औषध बदलण्याबाबत पशुवैद्यांशी बोलावे. ब्रोमाइडबद्दल पावलॉव्ह यांना जे दिसले, तीच ही कसोटी आहे.

मग दिवाळीआधी काय करायचे?

पहिली गोष्ट वेळेची. रोजच्या औषधाला आठवडे लागतात, त्यामुळे त्रास मोठा असेल तर गणपतीच्या सुमारासच पशुवैद्यांना भेटावे. प्रसंगापुरते औषध असेल, तरी एखाद्या शांत दिवशी ते आधी देऊन पाहावे. काही कुत्रे अल्प्राझोलामसारख्या औषधाने शांत होण्याऐवजी उलट खवळतात. हे लक्ष्मीपूजनाच्या रात्री कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

दुसरी गोष्ट मात्रेची. शेजारच्या कुत्र्याला लागू पडलेली गोळी, किंवा घरातल्या आजीची झोपेची गोळी अंदाजाने देऊ नये. माणसांच्या काही पातळ औषधांत झायलिटॉल हा गोडवा असतो आणि तो कुत्र्यांना विषारी आहे. सेरोटोनिनवर काम करणारी दोन औषधे एकत्र गेली, तर जिवावर बेतू शकते. यकृत, मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असेल, तर मात्रा आणखी बदलते.

तिसरी गोष्ट शिकवणीची. औषध भीतीचा जोर कमी करते. आवाज म्हणजे संकट नाही, हे कुत्र्याला नव्याने शिकावे लागते. फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी बारीक लावायचा, त्यासोबत आवडता खाऊ द्यायचा आणि कुत्रा निवांत असेल तरच दिवसागणिक आवाज किंचित वाढवायचा. तो थबकला, कान पाडले, खाऊ सोडला, तर एक पायरी मागे यायचे. आवाज आणि अन्न यांची ही सांगड पावलॉव्ह यांच्या मूळ प्रयोगावरच उभी आहे. फार घाबरलेला कुत्रा मात्र खाऊही तोंडात घेत नाही, त्यामुळे शिकू शकत नाही. अशा कुत्र्याला शिकण्याइतके स्थिर करणे, हे औषधाचे खरे काम आहे.

आणि शेवटची गोष्ट जवळ बसण्याची. घाबरलेल्या कुत्र्याला कुरवाळले तर तो आणखी भित्रा होतो, असे अजूनही अनेक जण सांगतात. भीती ही लाडाने वाढणारी सवय नाही. खिडक्या बंद करून, पंखा किंवा गाणी लावून, आतल्या खोलीत त्याला जागा करून द्यावी आणि त्याला हवे असेल तर शेजारी बसावे. बाहेर जावेच लागले, तर अंगातला सदरा त्याच्या अंथरुणावर ठेवून जावे. लेनिनग्राडच्या पुरातून वाचलेल्या त्या कुत्र्याला तेवढ्यानेही फरक पडला होता.